‘आपल्याला’ म्हणजे कुणाला?



निकाल लागला की वस्तीत एक वाक्य हटकून ऐकू येतं. ‘आपल्याला गणित झेपत नाय.’ ‘मला’ नव्हे, ‘आपल्याला’! पोरगं सहावीतलं, पण बोलतंय अख्ख्या जातीच्या वतीनं. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं?

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांचा एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची ६४२ पोरं. निम्मी सवर्ण, निम्मी चांभार. काम एकच, कागदावरच्या भूलभुलैयातून वाट काढायची. कोडी सुटली की पैसे. ज्या गटांत जात उच्चारली नाही, तिथं दोन्हीकडची पोरं बरोबरीत. ज्या गटांत आधी सगळ्यांसमोर नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात वाचून दाखवली, तिथं आपल्या पोरांची सुटलेली कोडी पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटली. कोडी तीच होती. गुणवत्तेचे ढोल बडवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

हे घडतं कसं? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की, हे काम मला जमेल की नाही याबद्दल माणसाचं जे मत असतं, त्यावर तो किती जोर लावतो आणि अडल्यावर किती टिकतो हे अवलंबून असतं. वर्गात बघा. ज्याला वाटतं मला येईल, तो उत्तर चुकलं की मागची पायरी तपासतो, मास्तरला विचारतो, उद्या काय वाचायचं ते ठरवतो. ज्याच्या डोक्यात ‘झेपत नाय’ बसलंय, तो त्याच चुकीला पुरावा समजतो. वही मिटतो. हात वर करत नाही, कारण वर्ग हसेल. मग मार्क कमी पडतात आणि मास्तर म्हणतो, बघा, मी सांगत नव्हतो?

आता कुणी पांढरपेशा उपदेशक येईल आणि म्हणेल, न्यूनगंड सोडा, आत्मविश्वास बाळगा. वा रे वा! गाठ बाहेरून मारायची आणि सोडवायची पोरानं! भर वर्गात ‘स्कॉलरशिपवाले उभे रहा’ म्हणणाऱ्याला आधी जाब विचारा.

आणि पोरांच्या हातात लेखणी आल्यावर काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांगाची पोर, सावित्री-जोतीरावांच्या शाळेतली. तिनं पेशवाईतल्या अत्याचारांचा हिशेब मांडला आणि वेदांवर मालकी सांगणाऱ्यांना धारेवर धरलं. त्या शाळेनं तिला नुसती बाराखडी दिली नव्हती. प्रश्न विचारायचा हक्क आपला आहे, हेही तिथंच तिला कळलं.

म्हणून वस्तीवस्तीत अभ्यासिका काढा. विहारात, समाजमंदिरात, जागा नसेल तर गच्चीवर. नियम तीनच. चुकणाऱ्याला कुणी हसायचं नाही. आज काय आलं, कुठं अडलं, उद्या काय करणार, हे रोज वहीत लिहायचं. दहावीतल्यानं सातवीतल्याला शिकवायचं. आणि घरात कुणी ‘आपल्याला झेपत नाय’ म्हणालं, तर तिथल्या तिथं अडवायचं, मग तो आपला बाप का असेना.

जय भीम!