सही कामगाराची, कागद ठेकेदाराकडे

कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल असे आश्वासन दिले गेले. पाठोपाठ 21 नोव्हेंबरला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नियुक्तीपत्र सक्तीचे झाले. पण कंत्राटी कामगाराच्या हातात आज कागदच नाही. आपण कोणाचे नोकर, कोणत्या पगारावर, किती तासांसाठी, हे सांगणारा साधा चिटोराही ज्याच्यापाशी नाही, त्याच्या लेखी संमतीला संमती म्हणणे ही फसवणूक आहे. तो नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवता येते, आणि आपल्याला कामावरून काढले हे दाखवायलाही त्याच्याजवळ काही नसते.

नीरा देवघर धरणाच्या काठचे हिर्डोशी घ्या. हिर्डस मावळातल्या अशा गावांत पावसाळी भातावर वर्ष निघत नाही. भातकापणी उरकली की तरुणांना भोरमार्गे शिरवळची औद्योगिक वसाहत किंवा पुणे गाठावे लागते. ठेकेदाराची भरती कशी होते, हे या पट्ट्यात कोणालाही विचारावे. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, पासबुकाचे पहिले पान द्यायचे. मग इंग्रजी मजकुराची तीन-चार पाने पुढे सरकतात, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारलेली असते. वाचायला वेळ नसतो, प्रत मिळत नाही. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, पुन्हा बोलावतात तेव्हा पासवर दुसऱ्याच ठेकेदाराचे नाव असते. मशीन तेच, सुपरवायझर तोच, फक्त मालक बदललेला.

तोंडी करारही कायद्याने करारच असतो, मग कागदाचा एवढा आग्रह कशाला, असे काही जण विचारतात. 1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करार चालतो हे खरे. पण तो कोर्टात शाबीत कोणी करायचा? वर्षात 240 दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले आहे. हजेरीपट मालकाकडे, पगारपत्रक ठेकेदाराकडे आणि पुरावा मात्र कामगाराने आणायचा. त्यामुळे त्याचा दावा टिकतो की कोसळतो, हे त्या एका कागदावर ठरते. दुसरा आक्षेप लहान उद्योजकांवरील ओझ्याचा. भविष्य निर्वाह निधीसाठी प्रत्येकाची माहिती भरावीच लागते. तीच माहिती मराठीत एका पानावर छापून त्याची प्रत कामगाराला देण्याने कोणताही कारखाना बुडत नाही. आणि ही मागणी नवी तरी कुठे आहे? कंत्राटी कामगारांविषयीच्या 1971 च्या केंद्रीय नियमांतच कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्ड देण्याची तरतूद होती. पन्नास वर्षे ती कागदावर राहिली, कारण न देणाऱ्याला जाब विचारला गेला नाही. आता तर नव्या संहितांनी कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा 20 कामगारांवरून 50 वर नेली आणि स्थायी आदेशांची 100 वरून 300 वर. एका हाताने नियुक्तीपत्र द्यायचे आणि दुसऱ्या हाताने लहान ठेकेदाराकडचा माणूस संरक्षणाबाहेर काढायचा, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

खासगी मालकांना शहाणपण शिकवणाऱ्या सरकारने स्वतःच्या दारातही पाहावे. बाह्य एजन्सींमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय राज्य सरकारला ऑक्टोबर 2023 मध्ये लोकांच्या संतापामुळे मागे घ्यावा लागला. अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षे ‘मानधन’ देऊन नोकर मानायचे टाळले गेले. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावे लागले. पुण्याच्या पाचगाव पर्वती योजनेवरच्या वन खात्याच्या मजुरांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे त्याच न्यायालयाने 1996 मध्ये ठरवले होते. सरकारच जर माणसाला तात्पुरते ठेवून राबवत असेल, तर शिरवळच्या ठेकेदाराला धाक कशाचा?

म्हणून बारा तासांच्या संमतीचा कागद मराठीत हवा. त्यावर ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचेही नाव हवे, आणि सही झाल्या क्षणी त्याची प्रत कामगाराच्या हातात पडली पाहिजे. प्रत दिल्याची नोंद नसेल तर संमतीच नव्हती असे धरून जादा तासांबद्दल मालकावर कारवाई झाली पाहिजे. तक्रार ऐकणारा अधिकारीही आठवड्यातून एकदा औद्योगिक वसाहतीतच, पाळी सुटण्याच्या वेळी, बसला पाहिजे. आज हिर्डोशीच्या मुलाचे घर पुणे जिल्ह्यात आणि शिरवळचे काम सातारा जिल्ह्यात. तक्रारीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातले कार्यालय गाठायचे, तर दिवसभराचा खाडा पडतो, आणि त्या खाड्याची नोंद मात्र त्याच ठेकेदाराच्या हजेरीपटात लगेच होते.