घरची लागर आणि एकसारखेपणाचा दावा

घरी केलेली लागर बिअर म्हणजे कारखान्यातल्या लागरची कच्ची नक्कल, असा पूर्वपक्ष नेहमी मांडला जातो. माल्टचा, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेल्या सातूचा, गोड अर्क हॉप्सच्या कडवट फुलांसह उकळायचा, तो गार करून त्यात ८ ते १३ अंश सेल्सिअसला काम करणारे यीस्ट सोडायचे आणि किण्वन झाल्यावर बिअर शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे मुरू द्यायची, हा सगळा व्याप मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय झेपणारा नाही, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

या युक्तिवादाला इतिहासाचा आधार नाही. सोनेरी लागरचा आद्य नमुना असलेली पिल्सनर योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने बोहेमियातील प्लझेन शहरात १८४२ साली तयार केली, तेव्हा कार्ल फॉन लिंडे याचे शीतयंत्र बिअरच्या कारखान्यांत येण्यास आणखी तीन दशके अवकाश होता. जमिनीखाली खोदलेली तळघरे आणि साठवलेला बर्फ यांवर काम भागत असे. घरच्या माणसाजवळ खरोखर नव्हते ते शुद्ध यीस्ट, पण ते १८८३ पर्यंत कारखान्यांजवळही नव्हते. त्या वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने एकाच पेशीपासून वाढवलेले लागर यीस्ट वेगळे केले आणि कार्ल्सबर्गने ते स्वतःपुरते न राखता इतर कारखान्यांनाही दिले. आज अनेक मोठे कारखाने ज्या डब्ल्यू-३४/७० या यीस्टवर लागर आंबवतात, तेच सुक्या दाण्यांच्या रूपात साडेअकरा ग्रॅमच्या पाकिटात कोणालाही विकत मिळते. गार अर्कात यीस्ट हळू वाढत असल्यामुळे २० लिटरला अशी दोन पाकिटे लागतात. एकावरच भागवण्याच्या काटकसरीने घरची लागर पुष्कळदा बिघडते, आणि तो दोष यंत्रांच्या अभावाचा नसतो.

खरा प्रश्न वेळेचा आहे. किण्वनाच्या ओघात यीस्टमधून एक द्रव्य बाहेर पडते आणि त्यापासून बिअरमध्ये डायअसिटिल तयार होते. त्याला लोण्यासारखा वास असतो आणि फिकट लागरमध्ये तो लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही जाणवू शकतो. अवधी मिळाला तर यीस्ट स्वतःच डायअसिटिल शोषून घेते. म्हणून किण्वन संपत आले की जाणता ब्रूअर तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत चढू देतो, दोन-तीन दिवस थांबतो आणि मग परीक्षा करतो. बिअरचे दोन नमुने घ्यायचे, त्यांतला एक झाकून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटे ठेवायचा, नंतर दोन्ही सारखेच गार करून हुंगायचे. तापवलेल्या नमुन्याला लोण्याचा वास आला, तर मूळ द्रव्य अजून बिअरमध्ये शिल्लक आहे आणि ती मुरवायला ठेवण्याची वेळ आलेली नाही, हे कळते. या परीक्षेला दोन पेले, एक पातेले आणि धीर एवढेच लागते, आणि धीर हीच घरच्या ब्रूअरची सर्वांत मोठी मिळकत आहे. कारखान्यात टाकी अडकली की भांडवल अडकते. त्यामुळे काही ठिकाणी डायअसिटिल तयारच होऊ न देणारे विकर वापरले जाते, किण्वन अधिक उबेत उरकले जाते आणि मुरवणीचे आठवडे दिवसांवर आणले जातात.

यावर पूर्वपक्ष आपला सर्वांत बळकट मुद्दा पुढे करतो, तो एकसारखेपणाचा. लाखो बाटल्यांची चव तंतोतंत जुळवणे ही खरोखर मोठी कर्तबगारी आहे आणि घरच्या दोन खेपा क्वचितच इतक्या जुळतात. पण एकसारखेपणा हे गुणवत्तेचे मोजमाप नव्हे, कारण उणीवही तितक्याच काटेकोरपणे पुन्हा पुन्हा उतरवता येते. शिवाय हा एकसारखेपणा कारखान्याच्या दारापर्यंतच टिकतो. पुढे बाटली उबदार गोदामात महिनोन्महिने पडली की ऑक्सिडीकरणाने बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि हिरव्या वा पारदर्शक काचेतून ऊन लागले तर हॉप्समधली कडू द्रव्ये फुटून काही मिनिटांतच दुर्गंध सुटतो. घरची लागर शीतपेटीतल्या पिंपातून थेट पेल्यात येते. हा प्रवासच तिला घडत नाही.

मात्र घरगुती पक्षाचेही सगळे म्हणणे ग्राह्य नाही. अमेरिकेत घरी बिअर करण्याची संघीय मुभा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाली (महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे परवान्याविना ती करता येत नाही), आणि पुढे तिथल्या घरगुती ब्रूअरांत कारखान्याची बिअर म्हणजे तांदूळ, पाणी आणि रसायने, असा समज रुजला. तांदूळ ही भेसळ नव्हे. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांना अमेरिकेत मिळालेल्या सहा-ओळी सातूत प्रथिने जास्त होती, आणि बिअर हलकी व नितळ व्हावी म्हणून त्यांनी तांदूळ व मका घातला. ते कसबाचे काम होते. कारखाना म्हटला की घाई, हेही सरसकट खरे नाही, कारण चेक प्रजासत्ताकातील बुद्वारचा कारखाना आपली लागर सुमारे ९० दिवस मुरवतो. उलट प्राणवायूच्या बाबतीत घरचा ब्रूअर उघडउघड मागे आहे. चांगला कारखाना बाटलीतला प्राणवायू अब्जांशांत मोजतो, तर घरी तयार बिअर उघड्या नळीने पिंपात ओतली जाते आणि दोन महिने जपलेला तिचा ताजेपणा त्या काही मिनिटांत हातचा जातो. पिंप आधी कार्बन डायऑक्साइडने भरून, बंद नळीतून बिअर त्यात सोडण्याची कारखान्याची रीत घरीही पाळता येते आणि तिला फारसा खर्च येत नाही. ती न पाळणाऱ्याला कारखान्याच्या लागरला नावे ठेवण्याचा अधिकार नाही.