जुनी मोटार आणि तिच्या पाठीवरची अक्षरे

जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांकडून आम्हांस हल्ली एकच प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. गाडी कोणती घ्यावी हे बहुधा ठरलेले असते. गावातील चार दारांपुढे जी उभी दिसते तीच, म्हणजे मारुतीची डिझायर. डिकीत तांदळाचे पोते मावते, घरची पाच माणसे बसतात, आणि सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. अडते ते त्यापुढे. एल-एक्स-आय घ्यावी, व्ही-एक्स-आय घ्यावी, की झेड-एक्स-आय? दलाल सांगतो, "टॉप मॉडेल आहे, डोळे झाकून घ्या." घरातील वडीलधारे म्हणतात, चाके सगळ्यांना चारच, मग अधिक पैसे कशास मोजावे? आमच्या मते ही दोन्ही मते पारखूनच घ्यावयास हवीत.

प्रथम या अक्षरांविषयी. एल म्हणजे साधा दर्जा, व्ही मधला, झेड वरचा, आणि त्यावर 'प्लस' असल्यास सर्वांत वरचा. पुढे 'एक्स-आय' आल्यास गाडी पेट्रोलची आणि 'डी-आय' आल्यास डिझेलची. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या विकणे बंद केले. तेव्हा डी-आय असलेली कोणतीही डिझायर त्यापूर्वीची, हे ध्यानी ठेवावे.

नव्या गाडीच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचे म्हणणे पुष्कळसे खरे असते. जुन्या गाडीचा हिशेब मात्र निराळा आहे. विम्यासाठी गाडीचे मोल ठरविताना चार वर्षांनंतर मूळ किमतीतून निम्मी रक्कम वजा धरतात. दोन दर्जांमध्ये नवेपणी एक लाखाचे अंतर असेल, तर त्या हिशेबाने ते पन्नास हजारांवर येते. वरच्या दर्जासाठी पहिल्या मालकाने जे अधिक मोजले, त्याचा मोठा भाग त्याच्याच खिशातून गेलेला असतो. म्हणून जुन्या बाजारात वरच्या दर्जाकडे पाहण्यास आमची हरकत नाही. प्रश्न एवढाच, की त्या उरलेल्या अंतराच्या मोबदल्यात आपल्या पदरात नेमके काय पडते?

रेडिओ, आसनांची आच्छादने, चकाकती अलॉय चाके, मागचे पाहण्याचा कॅमेरा या वस्तू बाजारात कोणीही बसवून देतो. त्यांच्यासाठी झेड अक्षराचे मोल देऊ नये. उलट वरच्या दर्जाच्या गाडीत विजेवर चालणारे भाग अधिक असल्याने, आमच्या या पावसाळी दमट मुलखात आठ-दहा वर्षांनी बिघडावयासही अधिक वस्तू असतात. बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर तिच्या दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. नवी चावी स्वस्त नसते. तथापि चोर्ला किंवा अनमोड घाटातून पावसाळ्यात ये-जा असणाऱ्यांनी मागच्या काचेतील धुके घालविणाऱ्या बारीक तारांकडे अवश्य पाहावे. ती चैन नव्हे.

बाजारात मागाहून बसविता येत नाहीत अशा वस्तू म्हणजे एअरबॅग आणि ए-बी-एस हे ब्रेक. येथे हयगय करू नये. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने फोक्सवॅगनच्या पोलो गाडीची टक्कर घडवून चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या पोलोस मोठ्या माणसांच्या बचावासाठी एकही तारा मिळाला नाही. दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोस चार तारे मिळाले. कंपनी तीच, गाडी तीच, फरक दर्जाचा.

डिझायरमध्ये या दृष्टीने एक स्पष्ट सीमारेषा आहे. २०१२ ते २०१७ या काळातील बांधणीत व्ही-एक्स-आय गाड्या बहुधा एअरबॅगवाचूनच विकल्या जात. त्या झेडवाल्यांस मिळत. मे २०१७ मध्ये नवी बांधणी आली, तेव्हापासून पुढच्या दोन्ही आसनांच्या एअरबॅग आणि ए-बी-एस अगदी साध्या दर्जातही मिळू लागले. पुढे १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या आसनाचीही, सर्वच नव्या मोटारींस सक्तीची झाली. तेव्हा २०१४ ची व्ही-एक्स-आय आणि २०१८ ची एल-एक्स-आय अशा दोन गाड्या समोर असतील आणि दोन्ही नीट राखलेल्या असतील, तर आम्ही दुसरीच निवडू, मग तिच्या खिडक्या हाताने फिरवाव्या लागल्या तरी बेहत्तर. २०१७ पूर्वीचीच घेणे भाग असेल, तर झेडसाठी अधिक मोजावे.

आणि मागच्या आसनाचे काय? आजी आणि मुले तेथेच बसतात, आणि पुढच्या एअरबॅगचा त्यांस काही उपयोग नाही. पुष्कळ गाड्यांत नव्या आच्छादनाखाली मागच्या पट्ट्यांचे कुलूप दडपलेले आढळते. आच्छादन उचलून पट्टा लावून पाहावा.

पाठीवरच्या अक्षरांवर मात्र विसंबू नये. ती बाजारात विकत मिळतात आणि डिंकाने चिकटतात. मूळ बिल, विम्याचा कागद आणि आर-सी यांवरील दर्जा ताडून घ्यावा. एअरबॅगची परीक्षा याहूनही सोपी आहे. चावी फिरविताच फलकावरील एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही क्षणांत विझला पाहिजे. तो विझत नसेल तर बिघाड आहे. लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याचा संभव आहे, आणि तो अधिक वाईट. ए-बी-एसचा दिवाही तसाच पाहावा.

साधा दर्जा घेणाऱ्यांस आणखी एक सूचना. टॅक्सीसाठी मारुतीने 'टूर' या नावाने डिझायरचाच साधा प्रकार विकला. पिवळी पाटी काढून पांढरी लावली, की तो सहज ओळखू येत नाही. आर-सीचा पूर्वेतिहास आर-टी-ओकडून पाहून घ्यावा. किलोमीटरच्या आकड्यावर भरवसा नको.

आमचे पुष्कळ वाचक सीमेवरचे. गोव्याची किंवा कोल्हापूरची गाडी बेळगावात स्वस्त मिळते, पण ती बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची तर तेथे नव्याने नोंदवावी लागते, आणि कर्नाटकात तिचा कर गाडीची मूळ किंमत व वय यांवरून काढतात. म्हणजे टॉप मॉडेलास कर अधिक. तो आकडा आर-टी-ओत आधी विचारावा आणि भाव ठरविताना किमतीत मिळवावा. मूळ आर-टी-ओचा ना-हरकत दाखला फॉर्म २८ वर, मालकीबदल फॉर्म २९ व ३० वर, आणि गाडीवर बँकेचे कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५. हे कागद विकणाऱ्याच्या सहीनिशी हाती येईपर्यंत विसाराहून अधिक रक्कम देऊ नये.