हाताचं माप

दिव्यांची अवस ते नागपंचमी हे दिवस डोंबिवलीतल्या आमच्या घरात वर्षातले सगळ्यात कामाचे. दिवाळीची तयारी महिनाभर आधी सुरू होते, कामं वाटून घेता येतात. इथे बाहेर पावसाची झड, घरभर दोऱ्यांवर टांगलेले अर्धवट ओले कपडे, डाळींच्या डब्यांना दमट हवा लागलेली, आणि त्यातच आषाढ संपून श्रावण लागतो. तरी हा आठवडा मला मनापासून आवडतो. घरात काय काय येतं आणि कुणाला येतं, हे या दिवसांत जितकं दिसतं तितकं एरवी दिसत नाही.

अवसेच्या सकाळी समया, निरांजनं, माळ्यावरचा लामणदिवा असं सगळं ओट्यावर येतं. दुकानात पितांबरी मिळते, ती चांगलीच आहे, पण सासूबाई चिंचेचा कोळ आणि मीठच घेतात. पितळेवरचा काळपट थर चिंचेच्या आंबटाने सुटतो. नक्षीच्या खाचांतून जुना ब्रश फिरवायचा, भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. दिवे तसेच निथळत ठेवले तर या हवेत दुसऱ्या दिवशी डाग दिसतात. संध्याकाळी पाटावर सगळे दिवे मांडून पूजा होते. श्रावण लागण्याआधी याच दिवशी मनसोक्त मटण खाण्याला माझा मुळीच विरोध नाही. मात्र मुलांना या दिवशी दिवे घासायला बसवलं नाही, तर हा दिवस दिव्यांचा आहे हे त्यांना कळायला दुसरी वाट नाही.

नैवेद्याला कणकेचे गोड दिवे असतात. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, त्यात कणीक, तुपाचं मोहन आणि वेलची घालून घट्ट भिजवायचं, छोटे दिवे वळून मोदकपात्रात वाफवायचे. "आई, एवढ्या कणकेला गूळ किती?" असं मी सासूबाईंना विचारलं की उत्तर ठरलेलं. "अगं, लागेल तेवढा. हाताला कळतं." आणि ते खरंच आहे, त्यांच्या हाताला कळतं. या वर्षी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही नेहमीसारखंच घ्या, फक्त भांड्यात टाकण्याआधी मला वाटीत मोजू द्या." त्यांनी हसून मान्य केलं. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पाणी, दोन चमचे पातळ तूप आणि वाफ पंधरा मिनिटं. एवढं वहीत उतरलं तेव्हा मला फार समाधान वाटलं.

असं मोजून लिहिणं किती मोठं काम आहे, हे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हातात घेतलं की कळतं. 1970 साली हे पुस्तक आलं. आमच्या घरातली प्रत हळदीच्या डागांची, पाठीला चिकटपट्टी लावलेली. वाटी आणि चमचा ही प्रत्येक घरात असलेली मापं घेऊन कमलाबाईंनी पदार्थ सांगितले, म्हणून शिकायला माहेर जवळ असण्याची गरज राहिली नाही. नोकरीसाठी परगावी गेलेल्या, सासूशिवायच्या घरात संसार मांडलेल्या किती मुलींना या पुस्तकाने आमटी शिकवली असेल. त्याच्याही कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहिलं. हजार पाकक्रिया! या बायकांना आपण लेखिका म्हणून पुरेसा मान दिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुर्गाबाई भागवतांना मात्र हे काम कमी प्रतीचं वाटलं नव्हतं. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसून अभ्यास करणाऱ्या, 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध ठामपणे बोलणाऱ्या दुर्गाबाईंनी 'खमंग' हे स्वयंपाकावरचं पुस्तकही लिहिलं. या आठवड्यात रात्री झोपण्याआधी मी त्यांचं 'ऋतुचक्र' पुन्हा वाचत होते. मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्ग पाहणारं हे पुस्तक एका दमात संपवायचं नाही. जो महिना चालू आहे तेवढाच भाग वाचावा आणि सकाळी खिडकीबाहेर पाहावं. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं शेवाळ आणि एक शेवगा दिसतो, पण तेवढ्यातही पाहण्यासारखं पुष्कळ सापडलं.

मंगळवारी स्टेशनजवळ मुरबाड-शहापूरकडच्या भाजीवाल्या बसल्या होत्या. कंटोळी, टाकळा, कुरडू, भारंगी यांच्या लहान लहान जुड्या आणि वाटे. रानभाज्यांचे हे थोडेच आठवडे. कंटोळीचा कंद वर्षभर जमिनीत असतो आणि पाऊस पडला की त्याला वेल फुटतो. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, म्हणून तिची लागवड करणंही सोपं नाही. या बायका पहाटे उठून, पावसात रान धुंडाळून ती आणतात आणि आपण वाट्यामागे पाच रुपये कमी करायला सांगतो. हे थांबवायला हवं. मी अळूही घेतलं. "वडीला हवं का भाजीला?" मावशींनी विचारलं आणि वडीसाठी काळ्या देठाची पानं वेगळी काढून दिली. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून चिंच हवी आणि पानं नीट शिजायला हवीत. मावशींना हे स्फटिक माहीत असण्याचं कारण नाही, पण "चिंचेला हात आखडू नको बाई," हे त्यांनी न विचारता सांगितलं.

बाकी कामं रोजचीच. तांदळाला बोरिक पावडर लावली, तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवला, चादरी पंख्याखाली वाळवल्या. शुक्रवारी जिवतीचा कागद देवघराशेजारी लावला. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली बुध आणि बृहस्पती. मुलांच्या रक्षणासाठी या सगळ्यांना एका कागदावर बोलावणाऱ्या आयांची काळजी त्यात मला दरवर्षी दिसते. सासूबाईंनी नातवाला औक्षण केलं आणि चणे-फुटाणे दिले.

त्या रात्री आम्ही 'गुलाबजाम' पाहिला. सचिन कुंडलकरांचा 2018चा चित्रपट. लंडनमधली नोकरी सोडून एक तरुण पुण्यात मराठी स्वयंपाक शिकायला येतो आणि डबे करून देणाऱ्या राधाकडे शिकवण्यासाठी हट्ट धरतो. सोनाली कुलकर्णीची राधा तुटक आहे, दुखावलेली आहे, सहज शिकवायला तयार होत नाही. मला हा भाग सगळ्यात खरा वाटला. आयुष्यभर राबून हाताला आलेलं ज्ञान कुणीही येऊन मागावं आणि ते लगेच मिळावं, असं का असावं? त्यासाठी शिकणाऱ्याने आधी भांडी घासावीत, भाज्या निवडाव्यात, जवळ उभं राहावं. सासूबाई चित्रपटभर गप्प होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्या मुलाने विचारलं तरी."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी, नागपंचमीला, माझ्या मनात होतं. या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवाही ठेवत नाहीत. म्हणून पुरणाचे दिंड. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून कट काढायचा, गूळ घालून आटवायचं. गूळ पडल्यावर पुरण आधी सैल होतं, तिथे घाबरून गॅस मोठा करायचा नाही. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. कणकेची पुरी लाटून मध्ये पुरण ठेवायचं, चारही बाजू दुमडून चौकोनी घडी घालायची आणि हळदीच्या पानावर ठेवून वाफवायची. वर साजूक तूप. हळदीच्या पानाचा वास घरभर पसरतो. उलथन्याची खूण मी वहीत जशीच्या तशी लिहिली, कारण वाटीत मोजता येत नाही असंही बरंच काही असतं. सासूबाईंच्या सासूबाई दिंडाच्या पुरणात जायफळ घालत, वेलची नाही, हेही या निमित्ताने प्रथमच समजलं. विचारलं नसतं तर कळलं नसतं.

श्रावणाचे आणखी तीन आठवडे हातात आहेत. तुमच्या घरात आई, सासू, आजी, काकू जे कुणी रांधत असेल, त्यांच्याजवळ ओट्याशी वाटी आणि वही घेऊन उभे राहा, मुलगे असाल तरीही. एक पदार्थ पूर्ण लिहून घ्या. मापं लिहा, खुणा लिहा, तो त्या कुणाकडून शिकल्या तेही विचारा. आणि पानाच्या वर नाव त्यांचं घाला.