सुट्टीत काय बघाल?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पालकसभेत एक तक्रार हमखास येते, "मॅडम, पोरं मोबाइल सोडत नाहीत." मोबाइल हिसकावून घेतल्यानं काही होत नाही. तो हातातून काढायचा तर समोर दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. काही वाचक भगिनींनी विचारलं होतं की, सासऱ्यांपासून सातवीतल्या मुलापर्यंत सगळ्यांनी मिळून बघता येईल असं काही सांगा. म्हणून हा महिना मालिकांचा. टीव्ही घरात असावा की नसावा हा वाद मी इथे काढत नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

माझी पहिली शिफारस जुनीच आहे, 'मिर्झा ग़ालिब'. १९८८ साली दूरदर्शनवर लागायची. लेखन-दिग्दर्शन गुलज़ार यांचं, ग़ालिब झाले नसीरुद्दीन शाह, संगीत आणि गायन जगजीत सिंग यांचं, सोबत चित्रा सिंग. माझ्या पिढीच्या पुष्कळ लोकांना ग़ालिब म्हटलं की आजही नसीरुद्दीन शाहांचाच चेहरा दिसतो.

पण मी ती मुलांना दाखवा म्हणते त्याचं कारण वेगळं आहे. आपल्या घरात कुणी दखनी बोलतं, कुणी कोकणी, शाळेत आणि बाजारात मराठी. मुलं उर्दू बोलायला लाजतात. "आमचं तलफ्फुज बरोबर नाही" म्हणतात, जणू ती भाषा फक्त दिल्ली-लखनौवाल्यांचीच. त्यांना या मालिकेत कोण कोण आहे ते सांगा. ग़ालिबची बेगम उमराव झाली आहे तन्वी आझमी, म्हणजे मराठी-हिंदी पडद्यावरच्या उषा किरण यांची मुलगी. बादशाह बहादुरशाह ज़फ़र झालेत सुधीर दळवी. आणि दरबारातले उस्ताद, ग़ालिबचे प्रतिस्पर्धी ज़ौक़ झालेत शफ़ी इनामदार, आपल्या कोकणातले, दापोलीकडचे! मराठीशी नाळ जोडलेल्या या माणसांनी लाल किल्ल्यातली ज़बान बोलून दाखवली. मुलांनी एवढं ऐकलं की क़ाफ़ आणि ख़े घशातून काढायची भीती थोडी कमी होते, हा वर्गातला अनुभव आहे.

ग़ालिब पीत होता, जुगारापायी तुरुंगातही गेला, आणि मालिका हे लपवत नाही. त्यामुळे काही घरांत भुवया उंचावतील. मला वाटतं, मोठ्यांनी सोबत बसून बघावी आणि मुलांनी प्रश्न विचारले तर उत्तरं द्यावीत. पेन्शनसाठी कलकत्त्यापर्यंत खेटे घालणारा, सात मुलं झाली पण एकही वाचलं नाही असा बाप, १८५७ नंतर उजाड झालेल्या दिल्लीत मागे राहिलेला माणूस, हेही त्यातच येतं. उमराव बेगमकडे नीट बघा. नमाज़-रोज़ा सांभाळणारी ती बाई नवऱ्यावर रागावते, पण त्याला सोडत नाही. घरातल्या बायका तिच्यावर बरंच बोलतील.

दुसरी मालिका सीमेपलीकडची, 'ज़िंदगी गुलज़ार है'. उमेरा अहमद यांच्या कादंबरीवर सुलताना सिद्दीकी यांनी २०१२-१३ मध्ये केली, आणि २०१४ साली 'ज़िंदगी' वाहिनीवर ती इकडच्या घराघरांत पोहोचली. २०१६ नंतर त्या वाहिनीनं पाकिस्तानी मालिका बंद केल्या. तेव्हापासून या मालिका कधी दिसतात, कधी नाहीत. जिथे रीतसर मिळेल तिथे बघावी.

गोष्ट थोडक्यात अशी. तीन मुलीच झाल्या म्हणून बाप दुसरं लग्न करतो, कारण त्याला मुलगा हवा असतो. आई रफ़िया शाळेत शिकवून, शिकवण्या घेऊन तिन्ही मुलींना शिकवते. थोरली कशफ़ हुशार, कडवट, अल्लाहकडे सतत तक्रार करणारी. रोजनिशीत ती जे लिहिते ते ऐकताना मला माझ्या बाकांवरच्या कितीतरी मुली आठवतात. पुढे ती परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते.

माझ्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या आईला तीन मुली. सासरी रोज ऐकून घेते. तिनं ही मालिका लावली ती स्वतःसाठी, पण सासूबाई येऊन शेजारी बसल्या. दोघी रोज बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. ज्या भागात बाप पैशासाठी त्याच मुलींच्या दाराशी येतो, त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "याच्यासारखे आपल्यात पण आहेत." बस, एवढंच. पण त्या घरात हे वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं. थोरली यंदा अकरावीत जाईल की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

या मालिकेचं सगळं मला पटतं असं मात्र नाही. श्रीमंत घरातला ज़ारून आपल्या आईला आणि बहिणीला, बाहेर वेळ घालवता म्हणून बोल लावतो, आणि मालिका बऱ्याच वेळा त्याचीच बाजू घेते. कशफ़ची आई नोकरी करते ती त्याग ठरते, ज़ारूनची आई काम करते ती हौस. असं का? हा प्रश्न घरातल्या पुरुषांना मुद्दाम विचारा आणि उत्तर येईपर्यंत चहा देऊ नका.

एवढं गंभीर नको असेल तर 'धूप किनारे' बघा. १९८७ची, कराचीच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांची गोष्ट. मरीना ख़ानची खोडकर डॉक्टर ज़ोया आणि राहत काज़मींचे अबोल डॉक्टर अहमर. लेखिका हसीना मोईन मूळच्या कानपूरच्या. राज कपूर यांच्या घरच्या 'हिना' सिनेमाचे संवादही त्यांनीच लिहिले. व्हिडिओ कॅसेटच्या काळात ही मालिका आपल्याकडे हातोहात फिरली. यात मुली मोठ्यानं हसतात, वाद घालतात, चुका करतात, आणि कुणी त्यांना त्याची शिक्षा देत नाही. हल्लीच्या रडक्या मालिकांनंतर हे बघून हलकं वाटतं. चित्र जुनाट आहे, सेट पुठ्ठ्याचे वाटतात. मुलं पहिल्या भागाला हसतील, हसू द्या.

राही मासूम रज़ांची 'नीम का पेड़' जरा मोठ्या मुलांसाठी. ज़मीनदारी मोडली तेव्हाच्या उत्तर प्रदेशातल्या एका गावाची गोष्ट, पंकज कपूर यांचा बुधई विसरता येत नाही. पुढे राजकारणाची गुंतागुंत वाढते, सातवीच्या मुलाला कंटाळा येईल.

आणि आजोबांसाठी 'कहकशाँ', अली सरदार जाफ़री यांनी उर्दू शायरांवर केलेली. यूट्यूबवर शोधलं की जुन्या दूरदर्शनचं बरंच काही हाती लागतं, प्रत पुसट असते एवढंच. यातला हसरत मोहानींचा भाग आधी लावा. १९२१च्या अहमदाबाद अधिवेशनात पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडणारे मौलाना ते हेच. त्यांची एक गझल गुलाम अलींच्या आवाजात घरातल्या मोठ्यांना पाठ असेल. ती कुणाची आहे, हे मालिका लावण्याआधी विचारून बघा.