पाट्यांचे वेळापत्रक पावसाने ठरवावे

ऑक्टोबर लागला की जुन्या गाड्यांवरची कव्हरे निघतात आणि मिस्त्रीसमोर ठरलेली तक्रार येते : मागून करकर वाजते. आपला इलाजही ठरलेलाच. गाडी रॅम्पवर चढवायची, जळक्या ऑइलमध्ये थोडे डिझेल मिसळायचे आणि कॉम्प्रेसरने पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) फवारायचे. आवाज जातो, मालक खूश होतो. हा इलाज आता बंद व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका पाट्यावर दुसरा घासतो तो मुख्यतः त्याच्या टोकाशी. भारही तिथेच असतो, त्यामुळे बाहेरून मारलेले पातळ ऑइल तिथे पोहोचत नाही आणि पोहोचले तरी टिकत नाही. बाहेर उरते त्यावर धूळ बसते आणि ती मळी पुन्हा आत जाऊन पाटे घासत राहते. प्रीमियर पद्मिनी असो वा अ‍ॅम्बेसेडर, मागच्या पाट्यांचे बुश रबराचे. खनिज तेलाने ते फुगतात आणि मऊ पडतात. जळके ऑइल कातडीलाही घातक असते. शिवाय रॅम्पखालून ओघळलेले ऑइल गटारात जाते आणि गटार खाडीत. खाडीकाठच्या ज्या सारसोळ्याच्या जेट्टीवरून मासेमारीच्या होड्या सुटतात, तिथल्या गॅरेजने तरी हा हिशेब नजरेआड करू नये.

खरा मुद्दा मात्र वेळापत्रकाचा आहे. जुन्या पुस्तिकांत सर्व्हिसिंग मैलांवर किंवा किलोमीटरवर सांगितलेले असते, कारण तेव्हा त्या गाड्या रोज धावत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही धावता धावताच संपल्या. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. उरलेल्या खासगी गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिका आणली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,०००. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती गाडी रस्त्यावर आणता येते. अशा गाडीचा किलोमीटरचा आकडा वर्षभर जवळजवळ हलत नाही, पाटे मात्र गंजत राहतात.

खाडीकाठी तर जास्तच. दोन पाट्यांमधल्या फटीत ओलावा केशाकर्षणाने ओढला जातो. त्यात हवेतले मीठ विरघळते आणि उभ्या गाडीत ते पाणी महिनोन्‌महिने सुकत नाही. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पाटे एकमेकांपासून फाकतात. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांतून पुढे तडा सुरू होतो. कोरड्या हवेत पोलादाला अशी एक मर्यादा असते, की तिच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते तुटत नाही. गंजत्या पोलादाला ती मर्यादाच राहत नाही. म्हणून पाट्यांचे वेळापत्रक पावसाने ठरवावे : मेअखेर बाहेरून तपासणी, ऑक्टोबरात गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा तपासणी, आणि फटीत गंजाची रेघ दिसली की सेट खोलणे.

खोलताना घाई नको. चॅसिस घोड्यांवर, अ‍ॅक्सलला वेगळा आधार. सेंटर बोल्ट काढण्याआधी सेट क्लॅम्पने आवळावा, नाहीतर पाटे उसळतात. गंज वायरब्रशने काढावा. अ‍ॅसिडमध्ये बुडवू नये, कारण इतक्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. ग्राइंडरने खोल घासू नये, वेल्डिंग तर अजिबात नको. तडा गेलेला पाटा बदलायचाच. साफ पाट्यांना जस्तयुक्त प्रायमर द्यावा आणि घासणाऱ्या टोकांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे, पाण्याला दाद न देणारे ग्रीस पातळ लावावे.

इथे जुन्या मिस्त्रींशी आमचा एक मतभेद आहे. पुस्तिकांतले ग्राफाइट ग्रीस कोरड्या मुलखात उत्तम. पण खारट ओलाव्यात ग्राफाइट आणि पोलाद एकत्र आले की पोलाद अधिक वेगाने गंजते. सारसोळ्यात ते टाळलेले बरे.

रबरी बुश कोरडेच बसवावेत. पाट्यांच्या मधे रबरी चकत्या असतील तर त्यांनाही ग्रीस लावू नये. शॅकलचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळावेत, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो. यू-बोल्ट नवे घालावेत आणि थोडे चालवून पुन्हा तपासावेत. जुन्या जीपच्या शॅकलला ग्रीस निप्पल असते, तिथे मात्र ग्रीस गन हवीच.

पाट्यांमधले घर्षण हा निव्वळ दोष नाही, उसळी शमवण्यातही ते मदत करते. ग्रीस लावल्यावर गाडी हेलकावू लागली तर दोष ग्रीसला देऊ नये. आधी शॉकअब्सॉर्बर पाहावेत, त्यांचे दुखणे इतके दिवस गंजाने झाकलेले असू शकते. पद्मिनीच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगला आणि अ‍ॅम्बेसेडरच्या टॉर्शन बारला तर ग्रीसची गरजच नाही. त्यांचा रंग शाबूत हवा. टॉर्शन बारवरचा साधा ओरखडाही तड्याची सुरुवात ठरू शकतो. त्याला पक्कड किंवा हातोडी लावू नये.

फवारणी काही मिनिटांत होते, सेट खोलायला दिवस जातो, आणि मालक बिलावर हुज्जत घालतो हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून जॉब कार्डवर ‘पाटे’ हा स्वतंत्र रकाना असावा : सेट कधी उघडला, किती पाटे बदलले, कोणते ग्रीस, पुढची तपासणी कधी. काम लिहून दाखवले की त्याची मजुरी मागता येते, आणि गाडी दुसऱ्याच्या रॅम्पवर गेली तरी तिथला मिस्त्री फवारणीचा पाइप हाती घेण्याआधी कार्ड वाचेल.