बकरी, मुंगी आणि वॉर्सा वर्तुळ

परवा मुक्ताईनगरला होतो. केळीच्या बागेचं काटेरी कुंपण बघता बघता 'वॉर्सा वर्तुळ' आठवलं.

समजा, कुंपण एका ठिकाणी नागमोडी होत जातं. वळणांची उंची तीच, पण ती दाट, आणखी दाट, अनंत होत एका सरळ रेघेला खेटतात. आतली बकरी बाहेर पडू शकत नाही. पण कुंपणावरून चालणाऱ्या मुंगीची फेरी कधीच पुरी होत नाही, कारण वळणं संपतच नाहीत!

होमोटॉपी ग्रुप मोजतात ते अशाच फेऱ्या, आणि त्यांची वरच्या मितींतली भावंडं. इथे सगळे ग्रुप शून्य. म्हणजे भोकच नाही म्हणे! बकरी मात्र आतच.

नीट बांधणीच्या आकारांत असा घोटाळा होत नाही, हे व्हाइटहेडने १९४९ मध्ये दाखवलं. म्हणून बाकीच्यांना 'पॅथॉलॉजिकल' म्हणून बाजूला सारायची सवय लागली. मला ती पटत नाही. दोष आकाराचा नाही, मोजपट्टीचा आहे. कारोल बोर्सुकने १९६८ मध्ये पट्टीच बदलली. कुंपणाला जराशी जाडी द्या, वळणं एकमेकांत मिसळतात, मुंगीची फेरी पुरी होते. मग जाडी हवी तितकी कमी करत न्या, भोक राहतंच. हीच शेप थिअरी.

आमच्या धंद्यात वेगळं काय आहे? सगळ्या टेस्ट हिरव्या बघून मीही एकदा युजरची तक्रार 'एज केस' म्हणून बंद केली होती. बग खराच निघाला. टेस्ट मुंगीच्या होत्या, युजर बकरी होता.

असो. आता तक्रार बंद करण्याआधी टेस्टकडेही संशयाने बघतो.